टोळी चालवायला तोंड लागतं म्हणे!

नात आज ऑफिसातून रडतच आली. तिथं स्वभावाची कसली तरी चाचणी झाली. तिच्या कागदावर "अबोल, नेतृत्वगुण कमी" असं आलं आणि टीम दुसऱ्याच्या हाती गेली.

मंडळी, माझं डोकंच फिरलं. हेच मी बाहत्तरच्या दुष्काळात ऐकलंय.

जामखेडजवळ आम्ही बायका दुष्काळी कामावर खडी फोडायचो. मुकादम मला म्हणाला, "तू घुमी हायस. टोळी चालवायला तोंड लागतं." आणि टोळी एका मोठ्या आवाजाच्या बाईकडे दिली.

रोज सकाळी कुणी कुठं बसायचं, हे मात्र मीच गुपचूप जमवायचे. तान्हं मूल असलेली सावलीला, भांडकुदळ जावा दोन टोकांना. दुसऱ्या दिवसापासून मी ते सोडलं. खाली मान घालून फक्त माझी खडी फोडली.

चार दिवसांत जावांची जुंपली, पोरांनी रडून उच्छाद मांडला, खडीचा ढीग निम्म्यावर आला. मुकादम माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "बाई, तुमीच बसवा समद्यांना."

मी म्हटलं, "ऐकू न्हाई आलं. तोंड लागतं ना? मोठ्यानं बोला."

सगळ्या बायकांसमोर त्याला ओरडून सांगावं लागलं. अजून आठवलं की बरं वाटतं!

मघाशी नातीला विचारलं, "कुणी न सांगता तू ऑफिसात काय काय करतेस?" तिची यादी संपेना. म्हटलं, "उद्यापासून सगळं बंद."

तुमच्या ऑफिसातली घुमी कोण, ठाऊक आहे का? नसेल तर तिनं हात आखडता घेतला की कळेलच.