साडीतला दत्ता आणि न फसलेली चंद्री

मंडळी, आज सकाळी लोणी काळभोरला माझ्या मित्राच्या, दत्ताच्या गोठ्यावर गेलो होतो. कोथरूडला परत आलो तरी तिथे पाहिलेलं डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

दत्ताची म्हैस चंद्री फक्त त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना धार काढू देते. परवा वहिनी पडल्या आणि त्यांचा हात मोडला. तेव्हापासून त्या गोठ्यात आल्या नव्हत्या, आणि दत्ता धार काढायला बसला की चंद्री पान्हाच सोडत नव्हती. कास दगडासारखी तटतटली होती. ती सुजली तर तिचे सड कायमचे निकामी होतील, ही भीती.

म्हणून आज दत्ताने गोठ्यातली जुनी युक्ती केली. वहिनींची रोजची साडी अंगाभोवती गुंडाळून तो धार काढायला बसला. चंद्रीने मान वळवून त्याला हुंगलं आणि लाथेने बादली उडवली.

"आवं, मिशा तरी झाकायच्या," वहिनी दारातून म्हणाल्या. मग प्लास्टरमधला हात सांभाळत त्या आत आल्या आणि दुसरा हात त्यांनी चंद्रीच्या पाठीवर ठेवला.

"मी हाय गं हितंच. सोड आता."

चंद्रीने डोळे अर्धे मिटले. थोड्या वेळाने दत्ताच्याच हातून बादलीत धार वाजू लागली.

म्हणजे तिला दत्ताचा हात चालत होता. वहिनी कुठे गेल्या, एवढंच तिला कळायला हवं होतं.

तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत, तर असं कोण अडून बसतं?