वॉटर पंपाचा रविवार

शनिवारी दुपारी चाकणहून परत येताना मोशीच्या पुढे टेम्परेचरचा काटा लाल पट्टीत गेला. गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडलं, तर पंपाखालून पाण्याची धार लागलेली. बेल्टजवळून खरखर आवाज तर बरेच दिवस येतच होता. एका हॉटेलवाल्याने दोन कॅन पाणी दिलं. थोडं अंतर जायचं, थांबायचं, इंजिन निवू द्यायचं, पुन्हा पाणी भरायचं, असं करत मी दिघीला घरी पोचले. वाटेतच भोसरीतल्या दुकानातून नवा वॉटर पंप घेतला.

ही पिकअप आप्पांची, माझ्या वडिलांची. भोसरीतली त्यांची कंपनी बंद पडली तेव्हा जे हातात आलं त्यातून त्यांनी ती जुनीच घेतली होती. चाकणच्या एका कारखान्याला सुटे भाग पोचवायचं काम होतं. मागच्या वर्षी आप्पांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तोंडात एकच शब्द उरला, ‘व्हय’. तेव्हापासून गाडी मी चालवते.

घरी आल्यावर आधी कारखान्याच्या सुपरवायझरला फोन केला.

“ताई, सोमवारी पहिल्या शिफ्टला माल पाहिजे म्हणजे पाहिजे. तुमची गाडी नसेल तर मी दुसरी लावतो. मग ती काढता येत नाही, आधीच सांगून ठेवतो.”

आमचा नेहमीचा मिस्त्री लेकीच्या लग्नासाठी लातूरकडे गेला होता. बाकीच्या गॅरेजवाल्यांचं एकच, बुधवारी या. आई ओट्याशी उभी राहून सगळं ऐकत होती. “आता काय करायचं गं?” ती म्हणाली. मी म्हटलं, “मी बदलते. आप्पा सांगतील ना.”

हे मी अगदी मनापासून म्हणाले होते. आप्पांनी हा पंप स्वतः एकदा बदललेला, मी टॉर्च धरून शेजारी उभी होते.

रविवारी सकाळी आम्ही त्यांची खुर्ची गाडीच्या तोंडाशी आणून ठेवली. रेडिएटरचं पाणी सोडलं, रेडिएटर काढला, पंखा काढला, बेल्ट उतरवला. प्रत्येक वेळी मी विचारायची, “आप्पा, आता हे?” आणि ते म्हणायचे, “व्हय.” मला धीर यायचा. ऊन चढायच्या आत पंपाचे बोल्ट दिसायला लागले. एकेक निघत गेला. खालचा एक मात्र गंजून बसलेला. गंज सुटावा म्हणून त्यावर डिझेल सोडलं, वाट पाहिली, पान्यावर पाइप चढवून जोर लावला. तो जागचा हलेना.

“अजून जोर लावू का आप्पा?”

“व्हय.”

मी अंगातलं सगळं बळ लावलं. पाना एकदम सैल झाला आणि मी बंपरवर आपटले. बोल्टचं डोकं माझ्या हातात, बाकीचा तुकडा इंजिनात.

मान वर करून पाहिलं तर आप्पा डाव्या हाताने कपाळावर मारून घेत होते. “व्हय, व्हय, व्हय,” म्हणत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना ‘नको’ म्हणायचं होतं. मी पाइप चढवला तेव्हापासूनच म्हणायचं होतं. त्यांच्या तोंडून तेवढंच येत होतं.

मी तिथेच मातीत बसले. गाडीचा विचार त्या वेळी डोक्यात नव्हता. मागचं सगळं वर्ष डोळ्यांपुढे येत होतं. बरं वाटतंय का आप्पा? व्हय. जेवण झालं ना? व्हय. पंखा बंद करू? झोपायचंय? डॉक्टरांनी विचारलं, दुखत नाही ना कुठे? व्हय. आम्ही समाधानाने घरी यायचो. त्यातलं खरं किती होतं? किती रात्री त्यांनी पंख्याविना काढल्या असतील, भूक असताना ताट उचललं गेलं असेल? आईच्याही ते ध्यानात आलं असणार. ती पदर तोंडात कोंबून दारात उभी होती.

“आत न्यायचं का त्यांना?” तिने विचारलं. आम्हां दोघींनाही त्यांच्याकडे बघवेना. पण मी खुर्चीला हात लावताच त्यांनी डाव्या हाताने गाडीचा बंपर घट्ट पकडला.

मग मी विचारणंच सोडलं. बोल्टला बोट लावायचं आणि त्यांच्या हाताकडे बघायचं. मूठ आवळली की थांबायचं, बोटं हलवली की पुढे जायचं. तसं करत पंप बाहेर आला. तुटलेल्या बोल्टचा बोटाच्या पेरापेक्षाही कमी तुकडा इंजिनाबाहेर राहिला होता. पक्कड नुसती घसरत होती.

आमच्या मागच्या गल्लीत ग्रिल-दरवाजे बनवणारे एक चाचा आहेत. रविवार म्हणून शटर अर्धं ओढून जेवायला बसलेले. माझं तोंड बघून डबा तसाच ठेवून ते आले. त्या तुकड्यावर एक नट ठेवून त्यांनी वेल्डिंग मारलं आणि लगेच पाना उचलला. आप्पांनी त्यांची बाही धरली, मूठ आवळली.

“काय म्हणतात?” चाचांनी मला विचारलं.

“थांबा म्हणतात.”

चाचा थांबले. नटाची लाली पूर्ण गेल्यावर आप्पांची बोटं हलली. तुकडा कुरकुरत, कणाकणाने बाहेर आला. मी चाचांसमोरच रडायला लागले. ते म्हणाले, “अहो ताई, रडताय कशाला, निघाला ना!” आणि अर्धवट जेवणाकडे परत गेले.

संध्याकाळी नवा पंप बसला, पॅकिंग बसलं, पाणी भरलं. गाडी चालू ठेवून आम्ही काट्याकडे बघत राहिलो. तो मध्यावर येऊन थांबला.

सोमवारी उजाडायच्या आत मी चाकणला पोचले. गेटच्या आत दुसरी पिकअप माल घेऊन आधीच उभी होती. “कालपर्यंत तुमचं काही कळलं नाही,” सुपरवायझर नजर चुकवत म्हणाला. मी रविवारभर फोनला हात लावला नव्हता. दिवसभर म्हाळुंग्याच्या बाजूला एकेका गेटवर विचारत फिरले. कुणी नंबर लिहून घेतला, कुणी हातानेच पुढे जा म्हणून सांगितलं. पुढे एका प्लॅस्टिकवाल्याचं काम लागलं, पण त्याला दिवाळी उजाडली. मधले दिवस कसे काढले ते आईलाच ठाऊक.

पंप बदलला त्याच आठवड्यात आप्पांना घेऊन मी आकुर्डीला वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे गेले. झटक्यानंतर असं होतं, त्या म्हणाल्या. मनात ‘नाही’ असतं आणि तोंडातून ‘हो’ येतं. तोंडी विचारू नका, वस्तू समोर ठेवा.

त्या रात्री आईने त्यांच्यापुढे दोन वाट्या ठेवल्या, एकीत वरण, एकीत पिठलं. आप्पांनी बराच वेळ दोन्हींकडे पाहिलं. मग पिठल्याची वाटी डाव्या हाताने स्वतःकडे ओढली. वर्षभर आई त्यांना रोज वरण-भात कालवून भरवत होती. ती उठली आणि भाकरी टाकायला घेतली.