काळ्या रंगाची परवानगी

पायी रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे तो सव्वीस वर्षं रंगवत होता, म्हणून कचेरीत सगळे त्याला ‘पट्टेवाला’ म्हणत. नवखा साहेब हमखास त्याला शिपाई समजून चहा आणायला सांगायचा.

त्याच्या थोरल्या बहिणीची नजर दोन वर्षांत फार अधू झाली होती. एका दुपारी तिला दवाखान्यात नेताना दोघं चौकात थांबले. तिथले पट्टे त्यानेच आठवड्यापूर्वी मारले होते.

“ताई, चल की. समोरच पट्टे आहेत.”

“कुठे रे? मला सगळा रस्ता एकसारखाच दिसतो,” ती म्हणाली. “एकटी असले की कुणाच्या तरी पावलांचा आवाज ऐकून मागोमाग निघते.”

त्याने खाली नीट पाहिलं. सिमेंटचा फिकट रस्ता, त्यावर पांढरा रंग, वर रणरणतं ऊन. इतक्या वर्षांत हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पट्ट्यांच्या मधली जागा काळी रंगवू द्या, असं त्याने साहेबांना सांगितलं.

“नकाशात काळा रंग नाही,” साहेब म्हणाले.

तो महिनाभर हात धुऊन मागे लागला, तेव्हा कुठे एका चौकापुरती परवानगी मिळाली.

रंग वाळल्यावर तो ताईला घेऊन आला. ती बराच वेळ खाली पाहत राहिली.

“हे दिसतंय,” ती म्हणाली आणि त्याचा हात सोडून चालू लागली. ती पलीकडे पोचेपर्यंत तो अलीकडेच उभा राहिला.

निवृत्त होईपर्यंत त्याचे अकरा चौक झाले. बाकीच्या चौकांसाठी तो अजून अर्ज लिहितो.