सतरा नंबरचं झाड

रत्ना पावरा, बी.ए.चं दुसरं वर्ष. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, राहणं धुळ्यात, मुलींच्या वसतिगृहात. मी चुडामण, तिच्याच कॉलेजात पंचवीस वर्षं शिपाई. पहिल्या वर्षी ही पोर शेवटच्या बाकावर बसायची, अळीमिळी गुपचिळी. सायन्सच्या पोरी हसायच्या, आर्ट्सवाल्यांना कसला आलाय अभ्यास म्हणून. ऐकून माझंच डोकं फिरायचं.

यंदा कॉलेजात संशोधनाची स्पर्धा झाली. एकच प्रकल्प जळगावला, विद्यापीठात जाणार होता. एम.एस्सी.चा हितेंद्र उभा राहिला. अंगात कोट, पुढ्यात लॅपटॉप, तोंडात इंग्रजी. पडद्यावर त्यानं सातपुड्यातली मोहाची चाळीस झाडं नंबर टाकून दाखवली, प्रत्येकाखाली जमीन जळून काळी. वणव्यानं जंगल चाललं, म्हणाला. सभेतल्या बठ्ठ्या, एकूण एक माना डोलल्या. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

रत्ना उठली आणि माझ्या हातातला माईक घेतला. आग आम्हीच लावतो, असं भर सभेत कबूल करणं सोपं नव्हतं.

"तो वणवा नाही," ती म्हणाली. "फुलं गळायच्या आधी आम्ही झाडाखालचा पाला जाळतो, म्हणजे फुलं वेचता येतात. तुमचं सतरा नंबरचं झाड आमच्या घरचं आहे. शेवटची ठिणगी विझेपर्यंत माझी आई ओली फांदी घेऊन तिथंच उभी असते."

स्पर्धा घेणारे सर म्हणाले, हा वनस्पतिशास्त्राचा विषय आहे, खाली बस. ती बसली नाही. गावात कोणाला विचारलं होतं का, असं तिनं हितेंद्रलाच विचारलं. गावात गेलाच नव्हता बापडा, बाहेरूनच फोटो काढून परतला होता.

मग सरांनी तोडगा काढला. रत्ना माहिती देईल, हितेंद्र चूक दुरुस्त करेल आणि जळगावला तोच बोलेल. आर्ट्सची मुलगी तिथं अडखळली तर कॉलेजची अब्रू जायची म्हणे. आणि हितेंद्र इथं तोंडावर आपटला, तेव्हा नाही का गेली? असा न्याय शे आमच्याकडे.

"अडखळेन," रत्ना म्हणाली. "पण माझ्या आईबद्दल मीच बोलेन. नाहीतर माहिती देणार नाही."

तिच्यावाचून प्रकल्प खोटा पडतो, हे सरांनाही कळत होतं. त्यांनी हितेंद्रचं नाव खोडून रत्नाचं लिहिलं.

तिनं कागदात डोकावून पाहिलं.

"त्यांचंही राहू द्या सर," ती म्हणाली. "माझ्या खाली."