चौदा नंबरची चक्की

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि त्याला तर मी बिट्टन मार्केटात मेथीची जुडी कितीला मिळाली तेही सांगते. तुम्हाला सांगते. पण सुरुवात जरा लांबून करू द्या.

आमची टाउनशिप आठवते. सकाळचा भोंगा, त्यामागून गेटकडे निघालेल्या सायकली, क्वार्टरच्या कुंपणावरची मधुमालती, संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये गणपतीच्या नाटकाच्या तालमी. बाबा नागपूरहून नोकरीसाठी भोपाळला आले, मी तिथेच वाढले आणि त्याच कारखान्याच्या वसुली सेक्शनमध्ये क्लार्क झाले. टाउनशिपच्या बाजारातल्या दुकानांचं भाडं कुणाचं आलं, कुणाचं राहिलं, ते लेजरमध्ये लिहायचं. मला ते काम आवडायचं. हसू नका — खरंच आवडायचं.

आमच्या सेक्शनमध्ये एक रीत होती. मार्चअखेर ज्याचं लेजर सगळ्यांत आधी पैशाला पैसा जुळेल, त्याचं नाव घेऊन साहेब सगळ्यांना पोहे-जिलबी देत. चार वर्षं ती जिलबी माझ्या नावाची होती. पाचव्या वर्षी बँकेच्या यादीत एक रक्कम निघाली, दुकानाचा नंबरच नसलेली. कुणाच्याच महिन्याच्या भाड्याशी जुळेना. अशी बेवारस रक्कम ‘सस्पेन्स’ नावाच्या खात्यात टाकून ठेवायची आणि मागाहून धनी शोधायचा, अशी सोय असते. मी टाकली. लेजर जुळलं. जिलबी गरम होती.

इथवर फक्त आळस. एवढंच असतं तर मी कशाला तुमचा वेळ घेतला असता?

एप्रिलमध्ये थकबाकीदारांची यादी बोर्डावर लागली. त्यात चौदा नंबरचं दुकान होतं — बाबूलालकाकांची पिठाची चक्की. लहानपणी दळणाचा डबा घेऊन मीच जायची. आईची भाजणी असली की काका आधी मूठभर तांदूळ दळून चक्की साफ करत, मिरचीचा वास लागू नये म्हणून. सांगावं लागत नसे. कुणाच्या घरी गहू जाड लागतो, कुणाच्या घरी बारीक, सगळं त्यांना तोंडपाठ.

ते माझ्या टेबलाशी आले. भुवयांवर पीठ तसंच. पावती लग्नाच्या गडबडीत हरवली होती. म्हणाले, “बिटिया, लड़की की शादी में इटारसी जाने से पहले तीन महीने का इकट्ठा भर गया था। एक बार देख लो।”

तीन महिन्यांचं. माझ्या डोक्यात गुणाकार झाला — तिथेच, त्या क्षणी. ती रक्कम त्यांची होती.

आणि मी रजिस्टर उघडलं, पानं उलटली — उगाच — आणि म्हटलं, “देख लिया काका। नहीं आया है।”

का? साहेबांपुढे चूक कबूल करायची, जुळलेलं लेजर पुन्हा उघडायचं, पाच जिलब्यांतली एक खोटी ठरायची. बस, एवढंच. पुढच्या आठवड्यात गुपचूप दुरुस्त करू, असं मनाशी म्हटलं होतं. त्याआधीच काकांनी कुणाकडून तरी उसने घेऊन पैसे पुन्हा भरले. वर माझ्याकडे येऊन, सगळ्या सेक्शनदेखत, माफी मागून गेले. लग्नाच्या धावपळीत भरले असं वाटलं असेल, म्हणाले. “तुम्हारा रजिस्टर थोड़े ही गलत होगा।”

पैशांचं एक वेळ सोडा. त्यानंतर काकांचा स्वतःवरचा विश्वासच उडाला. चक्कीच्या भिंतीवर कोळशाने लिहू लागले — कुणाचा डबा, किती किलो, पैसे दिले की राहिले. तेवढ्यानेही भागेना, तर गिऱ्हाइकालाच विचारायचे, तुम्ही दिलेत ना? गल्ला काकूंनी हातात घेतला. लोक गमतीने म्हणायचे, काका सठिया गये. मीही हसले आहे त्या गमतीला.

दोन-तीन वर्षांत त्यांनी चक्की बंद केली आणि लेकीकडे इटारसीला निघाले. आमच्या क्वार्टरांची सगळी लाइन त्यांना पोचवायला हबीबगंज स्टेशनवर गेली होती. गाडी सुटायच्या बेतात होती. खिडकीतून माझा हात धरून त्यांनी विचारलं, “बिटिया, मेरा कुछ बाकी तो नहीं रह गया?”

तेव्हा तरी सांगता आलं असतं. गाडी चांगली पाच मिनिटं उभी होती.

“नहीं काका,” मी म्हटलं. “कुछ नहीं।”

पुढे काका गेल्याचं कळलं. त्यानंतर कधीतरी, धनी न सापडलेल्या जुन्या रकमा कारखान्याच्या उत्पन्नात वळवायचा हुकूम आला. ते कागद तयार करायला माझ्याकडेच आले. ‘रक्कम कोणाची’ असा एक रकाना होता. त्यात मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं — ‘अज्ञात’. खाली सही केली.