सुमनचा गवा

काल लेकीच्या सायकलचं पंक्चर काढताना सोल्युशनचा तो उग्र वास आला आणि मला चांदोलीच्या जंगलातला चढ आठवला.

कॉलेजची सायकल सहल होती. माझी चुलतबहीण सुमन माझ्याहून वर्षानं लहान, पण चढाला सगळ्यांच्या पुढं. मी धापा टाकत असायचे आणि तिची लांब वेणी वळणाआड दिसेनाशी व्हायची. "पोरगी लय काटक हाय," असं सर म्हणाले, तेव्हा माझा नुसता जळफळाट झाला.

एका वळणावर पोचले, तर सुमन सायकल धरून उभी. "अक्का, गवा! आत्ता हितनं गेला. केवढा थोरला!"

करवंदाची जाळी अजून हलत होती. रस्त्याकडेच्या ओल्या मातीत बशीएवढे खूर उमटले होते. मागून मैत्रिणींचा आवाज आला, तशी मी त्या खुरांवरच सायकल आडवी टाकली.

"कसला गवा? कुणाची तरी म्हैस असंल," मी म्हणाले.

सगळ्या हसल्या. सुमननं पुन्हा कधी गव्याचं नाव काढलं नाही.

नंतर चारदा मी जीपनं तिथं गेले. मला गवा कधीच दिसला नाही, आणि तिला दिसला याचा हेवाही गेला नाही.

काल हात धुऊन तिला फोन केला. म्हटलं, "सुमे, खूर मी बघितले होते गं."

ती म्हणाली, "लय उशीर केलास, अक्का. तुमी हसलासा, तवापास्नं मलाबी म्हैसच आठवतीया."