दुपारी येणारा वास

मी शिक्षक झालो तो पार्वतीआक्कांमुळे. सानपाडा गावात मी त्यांच्याकडे भाड्याने राहत होतो. आज घरात सुका जवळा भाजला आणि नव्वदच्या दशकातली ती दुपार आठवली.

दुसऱ्या दिवशी उरणच्या शाळेत नोकरीसाठी पाठ घेऊन दाखवायचा होता. विषय होता, वारा कसा तयार होतो. घराण्यातला मी पहिला पदवीधर. पुस्तक तोंडपाठ होतं. आक्का लसूण सोलत विद्यार्थिनी होऊन बसल्या. मी हवेचा दाब समजावू लागलो.

"मास्तर, मना झोप आली," त्या म्हणाल्या. तेवढ्यात खाडीकाठी वाळत घातलेल्या जवळ्याचा वास घरात शिरला. "सकाली नाय येत, दुपारीच कसा येतो यो वास?"

मी पुस्तकातली वाक्यं सोडली. मग सावकाश सांगितलं, "उन्हाने जमीन खाडीपेक्षा लवकर तापते. जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते. तिच्या जागी खाडीवरची गार हवा येते, तीच वास आणते."

"आता कल्ला. उद्या असाच सांग."

तेव्हा त्यांचं विद्यार्थिनी होऊन बसणं मला चेष्टेचं वाटलं होतं. आज कळतं, माझा पहिला वर्ग तोच. दुसऱ्या दिवशी मी जवळ्यापासूनच सुरुवात केली आणि नोकरी मिळाली.

महिन्याभराने मी पत्र पाठवलं: "ती. आक्कांस सा. न. इथेही दुपारी सुक्या मासळीचा वास वर्गात येतो. आता मुलं नाक दाबत नाहीत, उत्तर द्यायला हात वर करतात."